चालू सिम

काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवून उभं राहणारं गिऱ्हाईक मला आवडतं. त्याचे हात दिसत असतात. जे गिऱ्हाईक एक हात खिशात ठेवून ‘तो वरचा दाखवा, तो नाही, त्याच्या बाजूचा’ असं करत मला सारखी पाठ फिरवायला लावतं, त्याच्याकडे मी पाठ फिरवतच नाही. खेकड्यासारखी कडेकडेने सरकते आणि फोन काढते. हिंगोलीत मोबाइलच्या दुकानात नऊ वर्षं काढल्यावर माझी चालच तशी झाली आहे, असं घरचे म्हणतात.

मी मुळातच संशयी. माहेरी, शिरड शहापूरला, दूधवाल्याच्या मापात वाकून बघणारी पोरगी म्हणून माझी ख्याती होती. लग्न होऊन हिंगोलीत आले तेव्हा बी.ए.चा कागद हातात होता आणि काम नव्हतं. दुकानाच्या शेठना काउंटरला बाई हवी होती, कारण बायका आपला फोन परक्या पुरुषाच्या हातात द्यायला कचरतात. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. मी त्यांना सात विचारले. त्यांनी तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

या धंद्यात काचेच्या दोन्ही बाजूंना संशयच उभा असतो. सीलबंद खोकं कानाशी धरून हलवून बघतात. सील मी तोडलं तर चालत नाही, त्यांच्याच नखाने तुटलं पाहिजे. खोक्यावरचा नंबर आणि फोनमधला नंबर तीनतीनदा जुळवतात आणि मग विचारतात, ‘हा परत आलेला तं न्हाई ना?’ पुसेगावचे एक गृहस्थ फोन घ्यायला आले ते मेहुण्याला आणि शेजाऱ्याला घेऊन. तिघांनी आळीपाळीने रस्त्यावर जाऊन ‘हॅलो, आवाज येतो का’ केलं, तिघांचं एकमत झालं, आणि फोन शेजारच्या दुकानातून घेतला.

नवरे बायकोसाठी फोन घेतात आणि ती खोकं बघत असताना हळूच मला म्हणतात, ‘मॅडम, तिचं समदं मला दिसल असं कायतरी टाकून द्या ना.’ मी नाही म्हणते. कुणीतरी दुसरा टाकून देतोच. मग चार दिवसांनी बायको एकटी येते आणि विचारते, ‘ताई, ह्यात काय टाकलंय ते बघा बरं.’ मी काढून टाकते आणि कुणालाच काही सांगत नाही.

पण खरा संशय फोनचा नव्हे, सिमचा. सिम घ्यायचं तर आधार आणि अंगठा. काड्याच्या पेटीएवढं यंत्र असतं, त्याच्या काचेवर अंगठा टेकवायचा. आमच्याकडच्या बायांचे अंगठे खुरपून, कापूस वेचून, हळद निवडून गुळगुळीत झालेले. यंत्राला त्यावर काही सापडत नाही. मग म्हणायचं, ‘आला नाही मावशी, परत ठेवा.’ मावशी अंगठा पदराला पुसते, तोंडाशी नेऊन फुंकर घालते, परत ठेवते.

हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात लबाड वाक्य आहे. कारण कधी कधी अंगठा पहिल्याच वेळी आलेला असायचा. दुसऱ्यांदा ठेवला की त्याच बाईच्या नावावर आणखी एक सिम निघायचं आणि तिला त्याचा पत्ता नसायचा. असं आधीच सुरू केलेलं सिम म्हणजे ‘चालू सिम’. कागद नको, अंगठा नको, फोनमध्ये घातलं की रेंज. बाजारात, जत्रेत कंपनीच्या रंगीत छत्रीखाली ही सिमं विकली जायची, आणि घेणारे खूश असायचे की झंझट नाही. चालू या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एवढ्याशा तुकड्यात बसायचे. आता नियम कडक झालेत, पण तेव्हा निघालेली सिमं अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये बोलत असतात.

मी हे कधी केलं नाही. अंगठा घेताना मी पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवते. वर एक जास्तीचं काम करते, त्याबद्दल शेठ माझ्यावर चिडतात. सरकारी संकेतस्थळावर आपला नंबर टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बघायला लावते. एखाद्याच्या नावावर भलतेच दोनतीन नंबर निघतात, त्याचा चेहरा उतरतो, आणि मला, खरं सांगते, आत कुठेतरी बरं वाटतं. आपला संशय खरा ठरला की माणसाला बरंच वाटतं.

एक मावशी उन्हाळ्याच्या तोंडावर आली, बाजाराच्या दिवशी, आणि एकटी. एवढ्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली. साठीची खेड्यातली बाई फोनच्या दुकानात एकटी येत नाही. सोबत मुलगा असतो, नातू असतो, निदान गावातलं कुणी असतं.

“हाच नंबर पायजे,” ती म्हणाली आणि दहा आकडे पाढ्यासारखे एका दमात म्हणून दाखवले. “फोन कालव्यात गेला.”

“कुठल्या कालव्यात?”

“सिद्धेश्वरच्या. शेळ्यायला पाणी दावून राहिले होते. वाकले आन् कमरंचा गेला वाहून.”

“घरचं कुणी आलं नाही सोबत?”

“काहून? मला तोंड न्हाई का?”

मी तिचं आधार घेतलं आणि अंगठा ठेवायला लावला. चार वेळा आला नाही, पाचव्यांदा आला, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली की हा नंबर या आधारवर नाही. मी आधी दाराबाहेर पाहिलं, मोटरसायकलवर कुणी थांबलंय का. हल्ली ठग दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून घेतात आणि मग त्या माणसाचं बँकेतलं सगळं यांच्या हातात. पुढे पाठवायला अशीच म्हातारी, अशीच शेळ्यांची गोष्ट. बाहेर फक्त रसाचा गाडा होता.

“मावशी, हा नंबर तुमच्या नावावर नाही.”

“मंग कोनाच्या हाये?”

“ते मला दिसत नाही. ज्याच्या नावावर आहे त्याला घेऊन या.”

“मीच हाये की. आठ-नऊ साल झाले, मीच बोलून राहिले त्याच्यावर.”

“घेतला कुठून होता?”

“औंढ्याच्या जत्रत. छत्रीतून. चालूच दिलता त्यानं.”

म्हणजे चालू सिम. नाव भलत्याचंच. मी तिला सांगितलं की हा नंबर मिळणार नाही, नवा घ्या. ती म्हणाली, नवा घेऊन काय करू, आणि निघून गेली. मी मनाशी ठरवलं की ही परत आली तर शेठना पुढे करायचं.

ती दुसऱ्या दिवशी परत आली. शेठ नव्हते. दुकान रिकामं होईपर्यंत ती चार्जरच्या रॅकजवळ उभी राहिली आणि मग काचेवर वाकून हळू आवाजात बोलली. तिची मुलगी सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर गेली. भावांनी तिच्या नावाने अंघोळ केली. घरात तिचं नाव निघत नाही. पण ती तीनचार महिन्यांतून एकदा फोन करते, दुपारी, आई शेळ्या घेऊन माळावर असते तेव्हा. दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी फोनवरून. मुलं संध्याकाळी आईचा फोन तपासतात, त्यामुळे नंबर ठेवायची सोय नाही.

“राँग नंबर आलता म्हणते मी त्यायला,” ती म्हणाली. “तिचा नंबर माज्यापाशी न्हाई. ती कुठं राहती तेबी तिनं सांगितलं न्हाई, मीच सांगू नको म्हणलं. माजा नंबर तिला पाठ हाये, तेवढंच. तिनं लावला आन् मी मेले असं वाटलं तिला, तं पुन्यांदा लावल का ती?”

ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गोष्ट इतकी नीट होती की माझा संशय उलट वाढला. रडून नंबर मागणारे मी खूप पाहिले आहेत. मी तिला म्हटलं, नियम आहे, माझ्या हातात नाही. हात वर करायला नियमासारखी सोय नाही. ती पिशवी उचलून निघाली. पण तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. शेळ्या जावेकडे सोडून आले, म्हणाली.

त्या दुपारी एक शाळामास्तर सिम घ्यायला आले. मी नेहमीप्रमाणे त्यांना सरकारी संकेतस्थळ उघडायला सांगितलं. मास्तर माझ्यासारखेच निघाले. म्हणाले, “मी कशाला माझा नंबर कुठेही टाकू? आधी तुमचं दाखवा.”

मी तोऱ्यात माझं उघडलं. माझ्या नावावर दोन नंबर हवे होते, एक माझा आणि एक सासूबाईंच्या फोनमधला. यादीत तीन आले. मधले आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. ते चार आकडे मी परवाच यंत्रात टाकले होते. पायरीवर बसलेल्या बाईचा नंबर माझ्या नावावर होता.

मास्तर म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, आणि पडदा माझ्याकडे वळवून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मला लगेच आठवलं. कामावर लागले त्या पहिल्या आठवड्यात शेठनी मला यंत्र शिकवलं होतं, माझ्याच अंगठ्यावर. ‘आला नाही, परत ठेव’ म्हणाले. मी परत ठेवला. ‘अजून एकदा.’ मी अंगठा ओढणीला पुसला होता, आणि नीट येत नाही म्हणून मलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. गावातल्या सगळ्या लबाड्या मला दिसत होत्या, नाकासमोरची दिसली नाही. आणि नंतर इतक्या लोकांना यादी बघायला लावली, स्वतःची बघावी असं एकदाही मनात आलं नाही. आपल्याला कोण फसवणार, हा माज.

शेठ आल्यावर मी त्यांना आतल्या खोलीत गाठलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. “तेव्हा सगळेच करायचे. वरून टार्गेट यायचं. तुला काय तकलीफ झाली त्याची?” आणि मग अगदी प्रेमाने म्हणाले, “हे बघ, त्या यादीत ‘हा माझा नंबर नाही’ असं बटण असतं. दाबून टाक. दोन दिवसांत बंद होतो. तू मोकळी.”

“आणि त्या मावशी?”

“कोण मावशी? तू ओळखतेस तिला? तुझ्या नावाचं सिम देशील आणि उद्या त्याच्यावरून कुणाला फसवलं तर पोलीस कुणाच्या दारात येतील?”

ते बोलत होते ते मीच रोज गिऱ्हाइकांना सांगते. मी काउंटरला येऊन बसले. राग शेठचा आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. बटण समोर होतं. ते दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. नंबर कायमचा गेला असता आणि मावशी हळूहळू पायरीवर यायची थांबली असती. दिला असता, तर एका अनोळखी बाईच्या कमरेला माझं नाव बांधून मी तिला माळावर सोडलं असतं.

मी तिला आत बोलावलं. उलटतपासणी घेतल्याशिवाय मला काही करता येत नाही, हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

“मावशी, मुलीचा फोन आला की ती आधी काय बोलते?”

“काईच न्हाई,” ती म्हणाली. “गप राहती. मी बोलले आन् आवाज माजाच हाये हे कळलं की मंग बोलती. भावानं उचलला असन तं?”

खोटी गोष्ट रचणाऱ्याने ती आई म्हणून हाक मारते, रडते, असं काहीही घातलं असतं. गप राहते, हे कुणाला सुचलं नसतं. ही मुलगी माझ्याच जातीची होती, संशयी. मी यंत्र पुढे ओढलं आणि माझा अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी आला.

सिम हातात देताना मी तिला खरं ते सांगितलं, की नंबर माझ्या नावावर निघाला, तो माझ्या नकळत निघाला होता, आणि त्यात माझी चूक एवढीच की मी कधी बघितलं नाही. मला वाटलं होतं, ती हात जोडेल. ती एक पाऊल मागे सरकली.

“म्हंजे तूच घेतलता व्हय माजा नंबर?”

“मी नाही घेतला मावशी. माझ्या अंगठ्यावर दुसऱ्याने काढला.”

“तीन दिस तूच सांगून राहिली, कोनाचा हाये ते दिसत न्हाई. आन् आज तुजाच?”

मी समजावत राहिले. जितकं समजावलं तितकी मी लबाड दिसत गेले असणार, कारण काचेच्या पलीकडून मी असे चेहरे रोज पाहते. तिने साधा बटणांचा फोन घेतला, सील स्वतःच्या दाताने तोडलं. पण सिम माझ्यासमोर त्यात घातलं नाही. पदराच्या गाठीत बांधलं आणि रसाच्या गाड्यावाल्याकडून घालून घेतलं. मी काचेतून बघत होते. मला फार लागलं ते. ज्या माणसाला ती पाच मिनिटांपूर्वी ओळखतही नव्हती, त्याच्यावर तिचा विश्वास होता.

ती जात असताना मी ओरडून सांगितलं होतं की नंबर तुमच्या नावावर करून घेऊ, नांदेडला कंपनीच्या मोठ्या ऑफिसात जावं लागेल, पुढच्या बाजाराला या. येणार नाही असंच मी धरून चालले होते. ती आली. मी सुट्टी टाकली आणि आम्ही एसटीने नांदेडला गेलो. वाटेत तिने फोन पदराखाली धरून ठेवला होता, माझ्या बाजूला नाही, खिडकीच्या बाजूला.

ऑफिसातल्या मुलीने तिचा अंगठा घेतला, मग बोटं, मग दुसऱ्या हाताची बोटं. एकही उमटलं नाही. मुलगी म्हणाली, आधी आधार केंद्रावर बोटं नव्याने देऊन या, मग नाव बदलू. आणि बदलताना नंबर एखाद-दोन दिवस बंद राहील.

“बंद?” मावशीने विचारलं.

“एखाद-दोन दिवसच.”

मावशी उठली आणि पिशवी काखेत मारली. “एक दिस बी न्हाई,” म्हणाली आणि दाराकडे चालायला लागली. मी मुलीला काहीतरी सांगून तिच्या मागे धावले.

येताना बसमध्ये तिने पुन्हा खिडकीची बाजू धरली. मग अचानक माझ्याकडे वळली. “राहू दे तुज्याच नावावर,” म्हणाली. “पर पोरी, तू मेलीस तं?”

“म्हणजे?”

“तू मेलीस तं नंबर बी बंद व्हईल का? आन् मला कोन सांगन?”

मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी नऊ वर्षं लोकांना सांगते आहे की नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघा. पण ते नावाचं माणूस जिवंत आहे का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी तिला माझा नंबर सांगितला. तिने तो तीनदा म्हणून घेतला आणि पाठ केला.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी दुपारी तिचा फोन येतो. “हाईस का?” मी म्हणते, हो आहे. ती ठेवून देते. मुलीचा फोन आला का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “तुला काय करायचं?” मग मी ते विचारणं सोडलं. खोटं कशाला बोलू, अधूनमधून मला वाटायचं की मुलगी नाहीच. मला फसवलं गेलंय आणि माझ्या नावाच्या सिमवर काहीतरी भलतंच चाललंय. अशा दिवशी मी ती यादी उघडून बघायची. ‘हा माझा नंबर नाही’ तिथेच असायचं. मी यादी बंद करायची.

दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी असताना मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, मागे कुठलं तरी मशीन चालू असल्याचा घरघराट.

“तुमी कोन बोलून राहिल्या?”

“फोन तुम्ही केलाय,” मी म्हटलं. “आधी तुम्ही सांगा.”

“तुमी सिमच्या बाई का?”

“कुणी सांगितलं?”

तिने नाव सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, “आईनं हा नंबर दिला. म्हणली, माजा लागला न्हाई कवा तं ह्याच्यावर लावायचा, ती बाई सांगल. पाठ केला होता, तं बराबर हाये का तेवढं बघून राहिले.”

“बराबर आहे,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला.

समोरचं गिऱ्हाईक काचेवर टिचक्या मारत होतं. मी आधी तो नंबर माझ्या फोनच्या यादीतून खोडला, माझ्याही फोनमध्ये कुणी डोकावलं तर असू नये म्हणून, आणि मग त्याला फोन दाखवायला घेतला.